अंड्यापोटी जन्मलेला थर्मोस्टॅट : कोंबडीच्या पेटीपासून सापाच्या काचपेटीपर्यंत



आज पिकाचं काही नाही. आज एका डबीची गोष्ट लिहितो. ही डबी ब्रूडरमध्ये असते, अंडी उबवायच्या मशीनमध्ये असते, बिरवाडीच्या बाजूला कंपन्यांतल्या रिॲक्टरवर तिचीच मोठी भावंडं असतात आणि प्राणिसंग्रहालयात सापाच्या काचपेटीमागेही तीच बसलेली असते. थर्मोस्टॅट.

लिहायचं कारण असं. गेल्या थंडीत आमच्या शेजारच्या वाडीत एका भावाची दीडशेच्या वर गावठी पिल्लं एका रात्रीत गेली. पोलादपूरकडची थंडी तुम्हाला माहीत आहे, पहाटे घाटावरून गार वारं उतरतं. त्यानं ब्रूडरला बल्ब लावले होते आणि लाल आकडे दाखवणारी छोटी सर्किटची पाटी जोडली होती. ३३ अंशांवर लावलेली. सकाळी पडदा बाजूला केला तर आत भट्टी. पिल्लं चारी कडांना चेंगरून पडलेली. म्हणजे थंडीनं नाही, उष्णतेनं गेली.

गावातला एक पोरगा एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटला आहे. त्यानं पाटी उघडली. आतल्या रिलेचे दोन टोकांचे संपर्क जळून एकमेकांना चिकटले होते. पाटी बिचारी 'बंद कर' म्हणत होती, पण वीज थांबवणारं दारच वेल्डिंग झाल्यासारखं उघडं राहिलं. पोरगा म्हणाला, "काका, आमच्याकडं कंट्रोल करणारा वेगळा आणि तोडणारा वेगळा असतो. इथं दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात."

हे वाक्य डोक्यात बसलं. म्हणून या डबीचा इतिहास धुंडाळला. तो वाचताना कळलं की हे यंत्र कारखान्यात जन्मलंच नाही. ते कोंबडीच्या अंड्यापोटी जन्मलं.

डबीच्या आधी काय होतं

आपल्याकडं थर्मोस्टॅट म्हणजे खुडूक कोंबडी. तिला कोणी शिकवत नाही. अंडी गार वाटली की दाबून बसते, गरम वाटली की सैल होते, कडेची अंडी मधे आणि मधली कडेला करते. २१ दिवस हे चालतं.

माणसानं कोंबडीशिवाय अंडी उबवायचं काम इजिप्तमध्ये फार जुन्या काळी जमवलं. मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या, त्यात हजारो अंडी, आणि शेण-गवताच्या गोवऱ्यांची मंद आच. थर्मामीटर नव्हताच. भट्टीवाला अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचा. तिथली कातडी पातळ, तिला फरक लगेच कळतो. मग तो आच कमी-जास्त करायचा, झरोके उघडायचा, झाकायचा. ही माणसं भट्टीतच राहायची, कारण रात्री झोप लागली की सगळा घाणा गेला.

म्हणजे तापमान कळणं हे एक काम आणि आच कमी-जास्त करणं हे दुसरं काम, आणि दोन्हीच्या मधे एक जागा माणूस. थर्मोस्टॅटचा सगळा इतिहास म्हणजे त्या जाग्या माणसाला झोपायची मुभा कशी द्यायची, याचा इतिहास आहे.

ड्रेबेलची पेटी

पहिली मुभा दिली कॉर्नेलिस ड्रेबेल यानं. हा हॉलंडमधल्या अल्कमार गावचा, जन्म १५७२ चा, पुढं इंग्लंडच्या राजाच्या आश्रयाला गेला. १६२० च्या दशकात त्यानं अंडी उबवायची पेटी केली. पेटीला खालून विस्तव आणि भोवती पाण्याचं आवरण. त्यात काचेची नळी, नळीत मद्यार्क आणि त्यापुढं पारा. पेटी तापली की मद्यार्क फुगतो, पाऱ्याला ढकलतो, पारा एक काडी वर उचलतो आणि काडी विस्तवाच्या धुराड्यावरचं झाकण खाली आणते. हवा कमी झाली की आच कमी. पेटी निवली की सगळं उलट.

आपल्याकडच्या आजच्या मशीनमध्ये याहून वेगळं काही नाही. पाऱ्याच्या जागी सेन्सर आला, झाकणाच्या जागी रिले आला.

पुढं १७७७ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोनमँ नावाच्या माणसानं गरम पाणी नळ्यांतून फिरवून अंडी उबवली. तापमानावर लक्ष ठेवायला त्यानं दोन धातू वापरले. लोखंडापेक्षा शिसं जास्त फुगतं. एकात एक बसवलेल्या दोन धातूंच्या वाढीतला तो केसाएवढा फरक तरफेनं मोठा केला आणि भट्टीची हवा त्यावर सोडली. त्यातून निघालेली पिल्लं पॅरिसच्या बाजारात जायची. हा धंद्यासाठी चालवलेला खरा थर्मोस्टॅट.

'थर्मोस्टॅट' हे नाव मात्र नंतरचं. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं १८३० मध्ये कापडगिरण्यांतली उष्णता राखायला दोन धातूंच्या जोडपट्टीचं यंत्र केलं आणि ग्रीक शब्दांवरून हे नाव ठेवलं. उष्णतेला जागेवर उभं ठेवणारा, असा त्याचा अर्थ. आपल्या इस्त्रीत आजही तीच जोडपट्टी आहे. इस्त्री गार होताना 'टिक' आवाज येतो तो तिचाच.

१८८१ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअरसननं पितळेची चपटी डबी केली. आत ईथरसारखा चटकन उकळणारा द्रव, थोडासाच. ठराविक तापमानाला तो उकळतो, डबी फुगते, दिव्यावरचं झाकण उचललं जातं आणि उष्णता पेटीत न जाता बाहेर निघून जाते. रॉकेलच्या दिव्यावर चालणाऱ्या जुन्या मशिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही 'कॅप्सूल' आठवेल.

विजेची जोड मिळाली ती अमेरिकेत. वॉरन जॉन्सन हा विस्कॉन्सिनमधला मास्तर. शाळेचा गडी दर तासाला वर्गात येऊन थर्मामीटर बघायचा आणि शिकवण्यात खंड पडायचा. १८८३ मध्ये त्यानं विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. वर्ग गार झाला की तळघरातल्या भट्टीवाल्याकडं घंटा वाजायची. तिथून पुढं घंटेच्या जागी वीज स्वतःच काम करू लागली.

साप म्हणजे कोंबडी नव्हे

इथवरचा इतिहास पक्ष्यांचा आणि माणसांचा. दोघांच्याही अंगात स्वतःची शेगडी असते. पिल्लू आठवडाभराचं झालं की तीही पेटते. म्हणून ब्रूडर पहिल्या आठवड्यात ३५ च्या आसपास ठेवतो आणि दर आठवड्याला अडीच-तीन अंश उतरवतो.

सापाला, पालीला, कासवाला ही शेगडी नाही. धामण सकाळी बांधावर ऊन खात पडते आणि ऊन चढलं की गवतात शिरते. तेच तिचं यंत्र. ऊन म्हणजे चालू, सावली म्हणजे बंद.

ही गोष्ट शास्त्रानं नीट मांडली ती १९४४ मध्ये. रेमंड कोल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्या-सापांची तापमानं मोजून दाखवलं की हे प्राणी ऊन-सावलीत फिरून अंगाचं तापमान बऱ्यापैकी ठराविक पट्ट्यात ठेवतात. त्यातली आपल्या कामाची गोष्ट ही, की सरड्या-सापांना सोसवतं ते तापमान आणि मारतं ते तापमान यांत बऱ्याचदा थोड्याच अंशांचं अंतर असतं. गारठ्यात साप सुस्त पडतो, दिवस काढतो. जास्त उष्णतेत थोड्या वेळात मरतो. त्याला घाम येत नाही. बंद पेटीत पळायला जागा नाही.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी खास इमारत १८४९ मध्ये झाली. पण उष्णतेचा विचार मुळातून करून बांधलेलं घर आलं १९२७ मध्ये. ते जोन प्रॉक्टर या बाईंनी आखलं. त्या तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रमुख होत्या, प्रकृतीनं फार अशक्त, १९३१ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेल्या. त्यांच्या घरात विजेनं उब द्यायची सोय होती, आणि ती सगळीकडं सारखी नव्हती. प्राण्याला गरम जागा आणि गार जागा दोन्ही मिळाव्यात अशी रचना केली होती. आज चांगल्या काचपेटीत हाच नियम पाळतात. एका टोकाला ३२ च्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५-२६. थर्मोस्टॅट गरम टोक सांभाळतो, बाकीचं प्राणी स्वतः ठरवतो.

वीज कशी सांभाळली जाते

आता मुख्य गोष्ट. थर्मोस्टॅट उष्णता तयार करत नाही. तो फक्त वीज सोडतो आणि अडवतो. त्याच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली, चालू-बंद. ३२ वर लावला आणि फरक १ अंशाचा ठेवला, तर ३२ ला बंद आणि ३१ ला चालू. हा फरक मुद्दाम ठेवावा लागतो. नाही ठेवला तर रिले टकटक करत राहील आणि लवकर जळेल. १०० वॉटचा हीटर दर दहा मिनिटांत चार मिनिटं चालला तर सरासरी ४० वॉट गेले. विहिरीवरच्या पंपाचं असंच असतं, पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. उबेच्या चटईला आणि साध्या ब्रूडरला हे चालतं. प्रकाशाच्या बल्बला बरं नाही. बल्ब सारखा चालू-बंद झाला की तार लवकर तुटते आणि जनावरही बिचकतं.

दुसरी, मंद करणारी. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा. ट्रायॅक नावाचा भाग प्रत्येक अर्ध्या लाटेचा थोडा तुकडा कापतो आणि उरलेला बल्बला देतो. तापमान ठरलेल्या आकड्याजवळ आलं की तुकडा आणखी मोठा कापतो. बल्ब विझत नाही, मंद होतो. हा पंप बंद करणं नाही, व्हॉल्व्ह फिरवणं आहे.

तिसरी, ठोक्यांची. लाट कापायची नाही, पूर्ण लाटाच सोडायच्या, पण मोजून. थोडा वेळ सोड, थोडा वेळ अडव. प्रकाश न देणारे सिरॅमिकचे हीटर असतात त्यांना ही तऱ्हा सोयीची. रिले हलत नाही, त्यामुळं झिजतही नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत जितकी तूट असेल तितकी भर मिळते. हे माणसाच्याही आधी अजगरानं साधलंय. आपल्या डोंगरात अजगर आहे. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात वालांसिएन यांनी १८४१ मध्ये मोजून नोंदवलं की अशा मादीचं अंग भोवतालच्या हवेपेक्षा गरम असतं. लोकांना ते खरं वाटेना. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुन्हा मोजलं. हवा जसजशी गार केली तसतसे मादीच्या अंगाचे झटके वाढत गेले, आणि त्या थरथरीतून ती अंग चार-पाच अंश वर ठेवत होती. थोडा गारठा, थोडे झटके. जास्त गारठा, जास्त झटके. शेगडी नसलेल्या जातीतल्या आईनं अंड्यांसाठी तेवढ्यापुरती शेगडी पेटवली.

सावित्रीच्या मगरी आणि वेळासची वाळू

आपल्या महाडच्या सावित्रीत मगरी आहेत हे सांगायला नको. त्या मगरीच्या अंड्यानं थर्मोस्टॅटची खरी परीक्षा घेतली.

१९६६ मध्ये मॅडेलिन शार्निये या फ्रेंच बाईंनी सेनेगलमध्ये सरड्यांवर काम करताना नोंदवलं की अंडी कोणत्या तापमानात उबली त्यावर नर-मादी ठरतं. आपल्या देशात १९७५ मध्ये मगरी वाचवण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. निसर्गातून अंडी आणून उबवायची, पिल्लं वाढवायची, नदीत सोडायची. ताडोब्यातही मगरपालन केंद्र होतं. १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासजवळ क्रोकोडाइल बँक उभी केली. तिथल्या मगरींवरचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. मगरीची अंडी २८ ते ३१ अंशांत स्थिर ठेवली तर सगळ्या माद्या. ३२.५ ला सगळे नर. त्याच्या जरा खाली-वर मिश्र.

दीड अंश, मंडळी. आपल्या ब्रूडरची पाटी अर्धा-एक अंश चुकली तर पिल्लांना कळतसुद्धा नाही. इथं तेवढ्यात अख्खी पिढी एका बाजूला जाते. मशीन बिघडलं नाही, पिल्लं मेली नाहीत, सगळं ठीक दिसतंय, आणि वीस वर्षांनी कळणार की नदीत सोडलेल्यात नरच नाहीत.

हीच सावित्री पुढं बाणकोटला समुद्राला मिळते. तिथून जवळच मंडणगड तालुक्यातलं वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांबरोबर २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. कुत्री-कोल्ह्यांपासून आणि चोरीपासून वाचवायला अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात. तिथं ना बल्ब, ना थर्मोस्टॅट. खड्डा मादीनं केला होता तेवढाच खोल करायचा, एवढाच नियम. कारण वरची वाळू दुपारी तापते आणि रात्री निवते, पण हात-दीड हात खाली तो चढउतार फारसा पोचत नाही. खोली हाच तिथला थर्मोस्टॅट. कासवात मगरीचं गणित वेगळं आहे. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. म्हणून वाळूवर सावली किती, ऊन किती, याला किंमत आहे. नदीकाठची झाडं तोडली किंवा भराव टाकला की मगरीच्या घरट्याचंही तापमान बदलणार.

पुण्यात कात्रजला १९८६ मध्ये सर्पोद्यान झालं, आज ते राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. पुण्याची थंडी आपल्याहून कडक, तिथं थंडीत सापांच्या कक्षात उबेची सोय करावी लागते. कोकणातल्या हवेत मात्र साप गारठून मरण्यापेक्षा बंद डब्यात उन्हात राहून मरण्याची भीती जास्त.

आपल्यासाठी काय

आता परत त्या पोराच्या वाक्याकडं येतो. कंट्रोल करणारा वेगळा, तोडणारा वेगळा.

चारशे वर्षांत ही डबी किती बारीक झाली, पण एक गोष्ट बदलली नाही. तिला फक्त तिचा सेन्सर जिथं आहे तिथलंच कळतं. आणि ती बिघडली तर दोन बाजूंनी बिघडते. बंद राहिली तर गारठा, चालू राहिली तर भट्टी. दुसरी बाजू जास्त वाईट. म्हणून ड्रेबेलच्या पेटीपासून रिॲक्टरपर्यंत सगळ्यांचा धडा एकच, आणि तो आपल्या ब्रूडरलाही लागू आहे.

१. सेन्सर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. छताला टांगलेला सेन्सर छताचं तापमान सांगतो. बल्बच्या थेट उजेडात ठेवला तर लवकर बंद करतो, कोपऱ्यात भुशात गाडला गेला तर बंदच करत नाही. कंपनीत सेन्सर पाइपच्या आत खिशात बसवतात तो याचसाठी, जे मोजायचं त्याच्या पोटात.

२. दुसरा थर्मोस्टॅट वेगळ्या सेन्सरचा, हीटरच्याच लाइनीत एकापुढं एक जोडा. तो पहिल्यापेक्षा तीन-चार अंश वर लावा. पहिल्याचा रिले चिकटला तरी दुसरा वीज तोडेल. हे काम वायरमनकडून करून घ्या, स्वतः उघड्या तारांत हात घालू नका.

३. रिलेवर लिहिलेल्या क्षमतेच्या जेमतेम निम्मा भार टाका. बल्ब पेटताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. संपर्क चिकटतात ते तेव्हाच.

४. एक गार कोपरा कायम ठेवा. प्रॉक्टरबाईंची युक्ती आहे. यंत्र चुकलं तरी पिल्लाला पळायला जागा हवी. शेजारच्या ब्रूडरला चारी बाजूंनी बल्ब होते, तिथं ती नव्हती.

५. आकड्यापेक्षा पिल्लं बघा. बल्बखाली गोळा झाली तर गार, कडांना पळून चोची उघडल्या तर गरम, सगळीकडं पसरून खात असतील तर बरोबर. इजिप्तच्या भट्टीवाल्याची पापणी ती हीच.

६. वीजच गेली तर थर्मोस्टॅट नुसती डबी. जुलै २०२१ च्या पुरात महाडला किती दिवस अंधार होता ते आपण पाहिलंय. पडदे, पोती, कोरडा भुसा हाताशी ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, तिच्या वायूनं पिल्लं आणि माणूस दोघंही जातात.

शेवटचं, सापाच्या अंड्यांबद्दल. उकिरड्यात, खताच्या खड्ड्यात धामणीची-नागाची अंडी सापडतात, कारण कुजणाऱ्या खताला स्वतःची मंद उब असते. सापडली तर मशीनमध्ये घालून बघायचा मोह नको. कोंबडीचं अंडं आपण फिरवतो, सापाचं अंडं फिरवलं तर आतला जीव मरू शकतो. शिवाय ३७ अंशांवरचं आपलं मशीन त्यांना भट्टीच. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचे साप घरात पाळणं गुन्हा आहे. वरून खत पुन्हा हलकं टाकून झाका, जागा खुणेची ठेवा. काम अडत असेल तर १९२६ या नंबरवर वनखात्याला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला कळवा. धामण शेतातले उंदीर खाते, तिची पिल्लं आपल्याच कामाची.

त्या भावानं नवीन पिल्लं आणली आहेत. पोरानं दुसरा थर्मोस्टॅट जोडून दिला, ३७ वर लावून. खर्च साधारण एका कोंबडीएवढा आला. तुमच्या ब्रूडरला एकच पाटी असेल तर थंडी पडायच्या आत दुसरी जोडून घ्या.